‘मी कोण?’ विचारणारी चित्रपुस्तकं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलांना पुस्तकं वाचून दाखवणारे आईबाबा, आजीआजोबा, बालवाडीच्या ताई आणि ग्रंथपाल जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला साधे प्रश्न आहेत, पुढे अवघड. एखादा मुद्दा दुसऱ्या उत्तरात येऊन गेला असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. त्यामुळे हवा तो प्रश्न थेट वाचायला हरकत नाही.

१. स्वतःच्या ओळखीबद्दलचं चित्रपुस्तक म्हणजे नेमकं कसलं पुस्तक?

मुख्य पात्राला ‘मी कोण’, ‘मी कुणासारखा’, ‘माझं नाव हेच का’, ‘मी इतरांसारखी का नाही’ यांतला एखादा प्रश्न पडतो आणि सगळी गोष्ट त्या प्रश्नामागे चालत राहते, असं पुस्तक. ऑस्ट्रियातल्या मीरा लोबे यांनी लिहिलेलं आणि सुझी वायगल यांच्या चित्रांचं १९७२ मधलं पुस्तक हा याचा अगदी स्वच्छ नमुना. एक रंगीबेरंगी, छोटासा प्राणी मजेत फिरत असतो. बेडूक त्याला विचारतो, तू कोण? त्याला उत्तर देता येत नाही. मग घोडे, मासे, पाणघोडा, पोपट, कुत्रे अशा सगळ्यांना तो विचारत फिरतो. प्रत्येकाशी त्याचं काहीतरी जुळतं, पण पूर्ण कुणाशीच जुळत नाही. शेवटी ‘मी म्हणजे मी’ हे त्याचं त्यालाच सुचतं. कुणी मोठा येऊन सांगत नाही, यात त्या पुस्तकाची ताकद आहे.

अशी पुस्तकं बहुधा ३२ पानांची असतात, कारण छपाईचा मोठा कागद घडी घालून कापला की पानं आठ किंवा सोळाच्या पटीत पडतात. मजकूर थोडा असतो आणि अर्धी गोष्ट चित्रं सांगतात. ‘माझा आवडता रंग लिही’, ‘मला राग कधी येतो’ अशा रिकाम्या जागा भरायच्या वह्या उपयोगी असतील, पण त्या या प्रकारात येत नाहीत.

२. कोणत्या वयापासून वाचून दाखवावीत?

दीड-दोन वर्षांपासून. मात्र वयाप्रमाणे पुस्तक बदलायला हवं.

मुलाच्या नाकावर नकळत रंगाचा ठिपका लावायचा, त्याला आरशासमोर आणायचं आणि ते आरशाला हात लावतं की स्वतःच्या नाकाला, हे पाहायचं, असा एक प्रसिद्ध प्रयोग आहे. ब्यूला ॲमस्टरडॅम यांनी लहान मुलांवर केलेला हा अभ्यास १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. साधारण १८ ते २४ महिन्यांच्या दरम्यान बहुतेक मुलं स्वतःच्या नाकाकडे हात नेऊ लागतात, म्हणजे समोर दिसतंय ते आपणच, हे त्यांना कळतं. त्याआधीच्या बाळांना जाड पुठ्ठ्याची, मोठ्या चेहऱ्यांची पुस्तकं पुरतात.

दोन-तीन वर्षांच्या मुलांचा सगळा जीव ‘माझं’मध्ये असतो. माझं नाक, माझे बूट, माझं नाव. त्यांना शरीर, नावं आणि घरातली माणसं दाखवणारी पुस्तकं द्या. तीन ते पाच या वयातली मुलं स्वतःबद्दल डोळ्यांना दिसणारं सांगतात, ‘मी लांब उडी मारतो’, ‘माझ्याकडे मांजर आहे’. पहिल्या प्रश्नातल्या पुस्तकासारख्या शोधाच्या गोष्टी इथे रंगतात. सात-आठच्या सुमारास तुलना सुरू होते, ‘ती माझ्यापेक्षा छान चित्रं काढते’. गटात न बसणाऱ्या पात्रांच्या गोष्टी मुलांना खऱ्या भिडतात त्या याच वयात.

३. पण ‘मी कोण’ हा प्रश्न वयात येताना पडतो ना? चार वर्षांच्या मुलाला तो कशाला?

मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी १९५० मध्ये माणसाच्या वाढीचे आठ टप्पे मांडले आणि ओळखीचा पेच किशोरवयात ठेवला. तेव्हापासून हा समज पक्का आहे. किशोरांचा प्रश्न ‘मी पुढे कोण होणार’ असा असतो. चार वर्षांच्या मुलाचा वेगळा असतो. केस कापले तरी मी तोच का? आईला दुसरं बाळ झाल्यावरही मी अजून आईचीच का? आजोबा मला बाबांच्या नावाने का हाक मारतात? हे प्रश्न मुलं सहज जाता जाता विचारतात आणि आपण हसून सोडून देतो. चित्रपुस्तक ते हसण्यावारी नेत नाही.

४. पुस्तक हातात घेतल्यावर चांगलं आहे की नाही, हे पटकन कसं ओळखायचं?

आधी मजकूर न वाचता फक्त चित्रं पाहत पानं उलटा. पात्राच्या मनात काय चाललंय हे चित्रांवरून कळतंय का? मान, खांदे, पानावर ते कुठे उभं आहे, किती लहान काढलं आहे, हे बघा. एकटेपणा दाखवायला चांगला चित्रकार पात्राला मोठ्या रिकाम्या पानाच्या कोपऱ्यात ठेवतो. तिथे ‘त्याला एकटं वाटत होतं’ हे वाक्य लागतच नाही. वाक्य काढून टाकलं तरी गोष्ट उभी राहत असेल, तर पुस्तक घ्या.

मायकेल हॉल यांच्या २०१५ मधल्या एका पुस्तकात निळा खडू आहे, पण त्याच्यावर गुंडाळलेल्या कागदावर ‘लाल’ असं लिहिलंय. सगळे त्याला लाल रंगवायला शिकवत राहतात. तीन वर्षांच्या मुलालाही पहिल्याच पानावर दिसतं की हा निळा आहे आणि गोष्टीतल्या मोठ्यांना मात्र दिसत नाही. जे पात्रांना कळत नाही ते मुलाला आधी कळतं. चित्रपुस्तकालाच हे जमतं.

मग शेवटची चार पानं नीट वाचा. उत्तर पात्राला स्वतःला सापडतं का? की आई, गुरुजी, शहाणं घुबड येऊन सांगून जातं? घुबडाची पुस्तकं मी सहसा परत ठेवते. शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरांत शिकवण छापली असेल तरीही. आणखी एक कसोटी आहे, तिच्यासाठी प्रश्न १२ पाहा.

५. बहुतेक पुस्तकांत प्राणीच का असतात? माणसांची पुस्तकं जास्त चांगली नाहीत का?

प्राण्याला जात, पैसा, देश नसतो, म्हणून कुणीही त्याच्या जागी जाऊन बसू शकतं. शिवाय दुखरा विषय थोडा लांबून पाहता येतो. वर्गात एकटं पडणारं मूल ‘माझ्याशी कुणी खेळत नाही’ म्हणणार नाही, पण ‘या सरड्याशी कुणी बोलत नाही’ असं सहज म्हणेल.

तरीही फक्त प्राण्यांवर थांबू नका. टोरंटो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चार ते सहा वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याची एकच गोष्ट वाचून दाखवली. काहींच्या पुस्तकात माणसं होती, काहींच्या पुस्तकात कपडे घातलेले प्राणी. माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी नंतर आपले स्टिकर जास्त वाटले. प्राण्यांच्या गोष्टीने तसं झालं नाही. हा अभ्यास वाटून घेण्याबद्दलचा आहे, ओळखीबद्दलचा नाही, हे लक्षात ठेवूनच त्याचा आधार घ्यावा. पण गोष्टीतलं स्वतःच्या जगण्यात आणायला लहान मुलांना माणूस समोर दिसलेला बरा, इतकं त्यातून घेता येतं.

६. ‘आरसा’ आणि ‘खिडकी’ पुस्तकं असं म्हणतात, ते काय आहे?

बालसाहित्याच्या अमेरिकी अभ्यासक रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० मध्ये ही कल्पना मांडली. काही पुस्तकांत मूल स्वतःला पाहतं, तो आरसा. काहींत दुसऱ्याचं जग पाहतं, ती खिडकी. काही पुस्तकं सरकत्या काचेच्या दारासारखी असतात, त्यांतून कल्पनेने त्या जगात पाऊल टाकता येतं. त्यांचा रोख असा होता की काही मुलांना पुस्तकांत फक्त आरसेच मिळतात आणि काहींना एकही मिळत नाही. दोन्हींत नुकसान आहे. ज्याला सगळीकडे आपणच दिसतो, त्यालाही जगाची खरी कल्पना येत नाही.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाचं बालपुस्तक केंद्र बालपुस्तकांत कोण दिसतं याची मोजणी करत असतं. त्यांच्या २०१८ सालच्या मोजणीत २७ टक्के पुस्तकांचे नायक प्राणी किंवा वस्तू होते, तर कृष्णवर्णीय पात्रं १० टक्के पुस्तकांत. काही मुलांना स्वतःसारखं मूल सापडण्याआधी ससा सापडतो, असाच याचा अर्थ.

७. आमच्या मुलीसारखी मुलगी एकाही पुस्तकात दिसत नाही. काय करावं?

आधी ‘वेगळेपणावरची’ पुस्तकं शोधणं थांबवा आणि तिच्यासारखं मूल सहज वावरणारी पुस्तकं शोधा. एझ्रा जॅक कीट्स यांचं १९६२ मधलं बर्फात खेळणाऱ्या मुलाचं पुस्तक आठवा. पुढच्या वर्षी त्याला चित्रांसाठी कॅल्डेकॉट पदक मिळालं. मुलगा कृष्णवर्णीय आहे, पण मजकुरात त्याचा उल्लेखही नाही. तो बर्फात पावलं उमटवतो, काठी ओढत रेघ काढतो, एक बर्फाचा गोळा खिशात घालून घरी नेतो. मुलीला स्वतःसारखं कुणीतरी नुसतं खेळताना दिसणं, याची भूक फार मोठी असते.

तरीही सापडलं नाही, तर घरी बनवा. चार कोरे कागद एकावर एक ठेवून मधोमध घडी घाला, घडीवर दोन टाके मारा, सोळा पानांचं पुस्तक तयार. पहिल्या पानावर तिचं नाव तिच्याच हाताने, अक्षरं उलटी आली तरी. पुढच्या पानांवर हाताचा ठसा, घरातल्यांची चित्रं, ‘मला हे येतं’, ‘मला हे येत नाही’, ‘मला कशाची भीती वाटते’. ती बोलेल ते तुम्ही जसंच्या तसं लिहून घ्या. ती ‘माझं डोकं गरम पडतं’ म्हणाली तर तेच लिहा, ‘मला राग येतो’ असं सुधारू नका. दोन-तीन पानं मुद्दाम कोरी सोडा. महिन्याभराने ती स्वतःहून भरायला मागते, आणि तेव्हा आधीचं काही खोडायलाही सांगते. खोडू द्या. कालची मी आणि आजची मी यांतला फरक तिच्या लक्षात येतोय, ही फार मोलाची गोष्ट आहे.

८. वाचताना मुलाला किती प्रश्न विचारावेत?

वाचता वाचता मुलाला बोलतं करावं, असं बरेच तज्ज्ञ सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांच्या १९८८ मधल्या अभ्यासापासून ही पद्धत रुळली. मोठ्याने उघडे प्रश्न विचारायचे, मुलाच्या उत्तरात थोडी भर घालायची, हळूहळू गोष्ट मुलालाच सांगू द्यायची. भाषा वाढवायला ती उत्तम आहे.

स्वतःच्या ओळखीबद्दलच्या पुस्तकांत मात्र हात आखडता घ्या. पहिलं वाचन प्रश्नांशिवाय, सलग. ‘तुला पण असं वाटतं का?’ हा प्रश्न तर टाळाच. गोष्टीत लांबून सुरक्षित बसलेल्या मुलाला तो प्रश्न एकदम उजेडात आणून उभा करतो. मूल ‘नाही’ म्हणतं आणि विषय मिटतो. पात्राबद्दल बोला. ‘हा इथे कुठे बघतोय?’ एवढं पुरतं.

प्रश्नापेक्षा थांबणं जास्त काम करतं. पान उलटायच्या आधी बोट पानाच्या कोपऱ्यावर ठेवून तीन-चार श्वास थांबा. मूल चित्रात काहीतरी शोधत असतं. कित्येकदा ते मागचं पान उघडायला लावतं, तिथलं चित्र आणि इथलं चित्र ताडून पाहतं आणि काही न बोलता पुढे जायची खूण करतं. मागे जाऊ द्या, गोष्टीचा वेग बिघडला तरी.

९. आमचा मुलगा गेले कित्येक दिवस रोज तेच एक पुस्तक मागतो. काळजीचं आहे का?

नाही. मुलं एखादं पुस्तक पुरतं वापरून झाल्याशिवाय सोडत नाहीत. कोणत्या पानावर तो जास्त रेंगाळतो तेवढं मनात टिपून ठेवा. तिथे त्याचा प्रश्न असतो. तो सुटला किंवा बदलला की पुस्तक आपोआप कपाटात जातं.

१०. मुलीला अशी पुस्तकं अजिबात आवडत नाहीत. जबरदस्तीने वाचावीत का?

नको. सगळ्याच मुलांना हा विषय सारखाच लागू पडत नाही. कधी कधी कारण पुस्तकातच असतं. त्यात उपदेश असतो आणि मुलांना त्याचा वास लांबून येतो. गुप्तहेर, भुतं, डायनोसॉर यांच्या गोष्टींतही कोण मी, कोण माझे, हे प्रश्न भरपूर असतात. ती जे मागते ते वाचा.

११. मुलाला नावावरून चिडवतात. त्यावरची पुस्तकं आहेत का? आणि ती वाचल्याने चिडवणं थांबतं का?

आहेत, आणि चांगली आहेत. केव्हिन हेंक्स यांचं १९९१ मधलं उंदराच्या मुलीचं पुस्तक प्रसिद्ध आहे. तिला स्वतःचं लांबलचक, फुलाचं नाव अतिशय आवडत असतं, शाळेत पाय ठेवेपर्यंत. नावाची लाज आतून येत नाही, बाहेरून आणून लावली जाते, हे त्यात फार नेमकं दाखवलंय.

पण चिडवणं पुस्तकाने थांबत नाही. ते थांबवणं शिक्षकांचं आणि पालकांचं काम आहे. ते काम न करता मुलाच्या हातात पुस्तक देणं म्हणजे सोसायला शिकवणं झालं. वर्गात वाचणार असाल तर आणखी एक काळजी घ्या. एखाद्या मुलाला चिडवलं जात असतानाच त्याच विषयाचं पुस्तक वर्गासमोर वाचलं, की सगळ्या माना त्याच्याकडे वळतात. प्रकरण शमल्यावर, किंवा वर्षाच्या सुरुवातीलाच, सगळ्यांच्या नावांच्या गोष्टी सांगताना ते वाचा.

१२. वेगळ्या पात्राला शेवटी सगळे स्वीकारतात, अशा गोष्टी तर चांगल्याच ना? मग काही लोक त्यांवर टीका का करतात?

का स्वीकारतात, ते पाहा. नेहमीचा साचा असा असतो. एकाला सगळे हसतात, मग संकट येतं, नेमकं त्याचं वेगळेपण कामी येतं, तो सगळ्यांना वाचवतो आणि मग सगळे त्याला जवळ घेतात. ऐकायला गोड आहे. मुलाला मात्र त्यातून कळतं ते असं की वेगळं असलं तरी चालेल, पण उपयोगी पडलं पाहिजे. ज्याच्या तोतरेपणाने कुणाचा जीव वाचणार नाही, त्या मुलाने काय करायचं?

दुसरा साचा कुरूप बदकाच्या पिल्लाचा. हान्स ख्रिश्चन अँडरसन यांची ती गोष्ट १८४३ मधली. तिच्यातलं दुःख आजही खरं वाटतं आणि मी ती मुलांना वाचून दाखवते. पण पिल्लाची सुटका होते ती राजहंस निघाल्यामुळे, म्हणजे सुंदर निघाल्यामुळे. ‘आणि ते बदकच निघालं असतं तर?’ हा प्रश्न गोष्ट संपल्यावर जरूर टाका. पाच-सहा वर्षांची मुलं त्यावर इतकं बोलतात की वेळ पुरत नाही.

मला आवडतात त्या गोष्टी तिसऱ्या प्रकारच्या. लिओ लिओनी यांच्या १९७५ मधल्या एका पुस्तकात रंग बदलणाऱ्या सरड्याला स्वतःचा एकच रंग हवा असतो. तो त्याला कधीच मिळत नाही. दुसरा सरडा भेटतो आणि दोघं मिळून रंग बदलत राहतात, इतकंच. काही सिद्ध करावं लागत नाही, कुणाला वाचवावं लागत नाही. पुस्तक निवडताना ही कसोटी मी सगळ्यांत आधी लावते.

१३. दिव्यांग मुलासाठी पुस्तक निवडताना वेगळं काय पाहायचं?

प्रश्न १२ मधली कसोटी इथे दुप्पट कडक लावा. व्हीलचेअरवरची मुलगी फक्त इतरांना प्रेरणा द्यायला गोष्टीत आलेली असेल, तर पुस्तक तिच्यासाठी लिहिलेलं नाही, इतरांसाठी लिहिलेलं आहे. तिला भाऊबहिणींशी भांडताना, खोटं बोलताना, हट्ट करताना दाखवलंय का, ते बघा. चित्रातली साधनंही तपासा. श्रवणयंत्र कानामागे नीट बसवलेलं आहे का? कुबड्या योग्य उंचीच्या आहेत का? चित्रकाराने खरं निरीक्षण केलेलं नसेल, तर ते साधन रोज वापरणारं मूल क्षणात ओळखतं.

१४. आमचं मूल दत्तक आहे. ‘माझी आई कुठे?’ म्हणत फिरणाऱ्या पिल्लांची पुस्तकं वाचावीत का?

हरवलेलं पिल्लू, भेटेल त्याला ‘तू माझी आई का?’ विचारणं आणि शेवटी आपल्यासारखीच दिसणारी आई सापडणं, हा चित्रपुस्तकांतला फार जुना आणि लाडका साचा आहे. दत्तक मुलाला त्यात दोन गोष्टी खुपू शकतात. एक, आई म्हणजे आपल्यासारखी दिसणारी. दोन, पहिली आई शोधली की सापडतेच. म्हणून ही पुस्तकं घरातून हद्दपार करायची गरज नाही, शाळेत ती भेटणारच. फक्त तीच एकटी नसावीत. एकमेकांसारखी न दिसणारी माणसं जिथे कुटुंब म्हणून सहज राहतात, अशी पुस्तकंही त्याच कपाटात हवीत.

दत्तक असल्याचं मुलाला पुस्तकातून पहिल्यांदा कळता कामा नये. ते तुमच्या तोंडून, समजायच्या आधीपासून, साध्या शब्दांत कानावर पडत राहिलेलं असावं. पुस्तक त्यानंतर येतं. आणि मुलाने ‘माझी पहिली आई?’ असं विचारलं तर पान उलटू नका, पुस्तक बाजूला ठेवा आणि बोला.

१५. बाहुलीशी खेळणारा मुलगा, मुलींसारखे कपडे आवडणारा मुलगा अशी पात्रं असलेली पुस्तकं वाचल्याने मुलं गोंधळतील का?

ही भीती बऱ्याच पत्रांत असते, म्हणून सविस्तर लिहिते. दोन-तीन वर्षांची मुलं स्वतःला मुलगा किंवा मुलगी म्हणू लागतात. पण कपडे किंवा केस बदलल्याने तेवढ्यावरून ते बदलत नाही, हे साधारण पाच ते सात वर्षांच्या वयात उमजतं. मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोलबर्ग यांनी १९६६ मध्ये हे मांडलं. चार वर्षांची मुलं ‘हा मुलींचा रंग’ असे कडक नियम करतात, त्याचं एक कारण हेच मानलं जातं. गोंधळ आधीपासूनच चालू असतो, पुस्तक तो आणत नाही. नियमांपलीकडचं पात्र दिसलं की मुलांचा उलट जीव भांड्यात पडतो.

अशी पुस्तकं नवीनही नाहीत. शिंगं मारण्यापेक्षा झाडाखाली बसून फुलांचा वास घेणं आवडणारा बैल १९३६ मध्ये आला. बाहुली हवी असणाऱ्या मुलाची शार्लट झोलोटोव यांची गोष्ट १९७२ मधली आहे. तिच्यात बाबा चेंडू आणि आगगाडी आणून देतात. मुलगा त्यांच्याशी खेळतोही, पण त्याला बाहुली हवी ती हवीच. आजी त्याला ती देते आणि बाबांना समजावते की याला पुढे बाबा व्हायचं आहे.

तुमचं मूल स्वतःबद्दल असं काही सातत्याने सांगत असेल, तर ते पुस्तकाने शिकवलं म्हणून नव्हे. पुस्तकाने त्याला ते बोलायची वाट दिली. शांतपणे ऐका. तातडीने नाव ठेवायला किंवा खोडून काढायला जाऊ नका.

१६. जुळ्या मुली आहेत. दोघींना एकच पुस्तक वाचायचं की वेगवेगळं?

एकत्र वाचा, पण आठवड्यातून एकदा तरी प्रत्येकीला एकटीला घेऊन, तिने निवडलेलं पुस्तक वाचा. जुळ्यांचा ‘मी’चा प्रश्न इतर मुलांपेक्षा धारदार असतो, कारण समोर आपल्यासारखंच दिसणारं दुसरं माणूस चोवीस तास असतं. जुळ्यांवरच्या पुस्तकांत बहुतेक वेळा एक शांत आणि एक मस्तीखोर असते. ती वाचताना ‘बघ, ही तू आणि ही ती’ असं चुकूनही म्हणू नका. तो शिक्का वर्षानुवर्षं निघत नाही. प्रश्न ७ मधलं घरचं पुस्तक दोघींसाठी दोन करा, एक नव्हे.

१७. पुस्तक परक्या भाषेत आहे. तसंच वाचू की आमच्या भाषेत सांगू?

पहिल्यांदा घरच्या भाषेत सांगा. लाज, हेवा, आपलेपणा या गोष्टी मुलाला ज्या भाषेत कुशीत घेतलं जातं त्याच भाषेत नीट पोहोचतात. मूळ भाषेत नंतर वाचा, तेव्हा ओळखीची गोष्ट असल्याने मजा येते. पात्रांची नावं मात्र बदलू नका. परक्या नावाचं मूलही आपल्यासारखंच रुसतं, हे कळण्यात खिडकीचा (प्रश्न ६) अर्धा फायदा आहे.

१८. दहा-बारा वर्षांच्या मुलांना चित्रपुस्तकं बालिश वाटतात. त्यांच्यासाठी उपयोग आहे का?

आहे, पण ‘तुला वाचून दाखवते’ म्हणू नका. त्यांना धाकट्यांसाठी वाचायला सांगा. लहानाला वाचून दाखवण्याच्या निमित्ताने ती स्वतः वाचतात आणि मान खाली घालावी लागत नाही. शिक्षकांना एक सुचवते. एकाच विषयाची दोन पुस्तकं द्या आणि कोणत्या पुस्तकातलं पात्र खरं वाटतं आणि का, यावर वाद घालू द्या. प्रश्न १२ मधला उपयोगी पडण्याचा साचा ही मुलं बरोबर पकडतात.

१९. पुस्तक संपल्यावर मुलगा म्हणाला, ‘मला मी आवडत नाही.’ मी काय बोलू?

‘असं नाही म्हणायचं, तू किती छान आहेस!’ हे आपल्या तोंडात लगेच येतं. ते गिळा. त्याला वाटतं की त्याने काहीतरी चुकीचं सांगितलं, आणि पुढच्या वेळी तो सांगत नाही. ‘बरं झालं सांगितलंस. काय आवडत नाही?’ एवढंच विचारा आणि थांबा. पुष्कळदा उत्तर नेमकं आणि छोटं निघतं. आज संघात घेतलं नाही, दात पुढे आहेत, वाचताना अडखळलो. त्या नेमक्या गोष्टीबद्दल बोला, त्याच्या संपूर्ण माणूसपणाबद्दल नको.

हेच वाक्य आठवडे-महिने येत राहिलं, सोबत झोप किंवा भूक बदलली, शाळेला जायची टाळाटाळ वाढली, तर बालरोगतज्ज्ञांना किंवा समुपदेशकांना भेटा. मरणाबद्दल किंवा स्वतःला इजा करण्याबद्दल तो एकदा जरी बोलला, तरी वाट पाहू नका, त्याच दिवशी मदत घ्या. अशा वेळी आणखी पुस्तकं आणण्याने काही होत नाही.

२०. पुस्तक सुंदर आहे, पण शेवट पटत नाही. वाचताना बदलून वाचलं तर चालेल का?

गुपचूप बदलू नका. मुलांना शब्दन् शब्द पाठ होतो. दुसऱ्या कुणी तेच पुस्तक वाचलं किंवा मूल स्वतः वाचायला शिकलं, की फसवणूक उघडी पडते. छापलंय तसंच वाचा आणि मग सरळ सांगा, ‘मला हा शेवट पटला नाही.’ मोठ्या माणसालाही पुस्तकाशी भांडता येतं, हे मुलांना माहीतच नसतं. मग त्याला त्याचा शेवट विचारा. तो सांगेल ते एका सुट्या कागदावर लिहा, चित्र त्याला काढू द्या आणि तो कागद शेवटच्या पानाला क्लिपने अडकवा. पुस्तक ग्रंथालयाचं असेल तर परत देताना कागद काढून घ्यायला विसरू नका.